पाच टक्के जकात आणि तेरा राज्यं: अमेरिकेच्या केंद्राला सुरुवातीला कर का वसूल करता येईना

१७८१ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे स्वतःचं म्हणावं असं उत्पन्नाचं एकही साधन नव्हतं. इंग्रजांशी युद्ध चालूच होतं, फौजेचा पगार महिनोन्‌महिने थकलेला, फ्रान्सकडून उसनवारी चाललेली, आणि तिजोरीत पैसा यायचा तो फक्त राज्यांनी आपणहून पाठवला तर. आज ज्या देशाचा टॅरिफ वाढला की इकडे आपले कापड आणि कोळंबी एक्स्पोर्ट करणारे डोक्याला हात लावतात, त्या देशात एकेकाळी केंद्राला ५ टक्के कस्टम ड्युटी लावायची परवानगी मिळेना, आणि अडवणारे कोण तर त्यांचीच राज्यं. ही भानगड नक्की काय होती ते जरा नीट बघू, कारण अमेरिकेची आजची राज्यघटना लिहिली जाण्यामागे या भांडणाचा मोठा हात आहे आणि शाळेच्या इतिहासात बॉस्टनच्या चहापुढे गाडी सहसा जात नाही.

आधी व्यवस्था समजून घ्या. तेरा राज्यांनी मिळून एक करार केलेला, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, तो १ मार्च १७८१ ला लागू झाला. त्यानुसार वर एक काँग्रेस होती (म्हणजे त्यांची संसद, आपली पार्टी नव्हे), तिने युद्ध करायचं, तह करायचे, कर्ज काढायचं, पण कर लावायचा नाही. खर्च किती आला त्याचा हिशोब करायचा, प्रत्येक राज्यातल्या जमिनी आणि इमारतींच्या किमतीच्या प्रमाणात वाटा ठरवायचा आणि राज्याला कळवायचं की बाबांनो एवढे पाठवा. गणपतीची वर्गणीच समजा, पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहायचं, समोरच्याने दिली तर दिली, नाही दिली तर चरफडत पुढच्या दारी. राज्यं अर्थातच थोडं द्यायची, उशिरा द्यायची, आणि शेजारच्याने दिले नाहीत मग आम्हीच का द्यायचे हे कारण तर कायम तयार. त्याआधी काँग्रेसने नोटा छापून दिवस ढकलले होते, पण त्या नोटांची किंमत इतकी घसरली की मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरला १ चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला, मग त्या नोटा घेणार कोण?

म्हणून ३ फेब्रुवारी १७८१ ला काँग्रेसने राज्यांकडे मागणी केली की परदेशातून येणाऱ्या मालावर ५ टक्के जकात लावायचा अधिकार आम्हाला द्या, त्यातून युद्धाचं कर्ज आणि त्याचं व्याज फेडू. आयात करच का, तर वसुली सोपी. जमिनीवर कर लावायचा तर गावोगाव माणसं पाठवा, मोजणी करा, शेतकऱ्यांशी भांडा. बंदरं मात्र मोजकीच, जहाज आलं की व्यापारी कर भरतो आणि तो मालाच्या किमतीत चढवून मोकळा होतो, गिऱ्हाइकाला आपण कर भरतोय हे जाणवतही नाही. त्या सुमारास रॉबर्ट मॉरिस नावाचा फिलाडेल्फियाचा बडा व्यापारी काँग्रेसचा अर्थखात्याचा प्रमुख झाला होता आणि त्याची सगळी गणितं या ५ टक्क्यांवर उभी होती. फक्त एक मेख होती. करारात काहीही बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागायचा. बाराने भागत नव्हतं.

१७८२ च्या हिवाळ्यापर्यंत जवळपास सगळी राज्यं हो म्हणाली होती आणि तेव्हाच नकार आला तो ऱ्होड आयलंडचा, तेरातलं सगळ्यात चिमुकलं राज्य. नोव्हेंबर १७८२ मध्ये त्यांच्या विधिमंडळाने एकमताने प्रस्ताव फेटाळला. देशभर शिव्या पडल्या, स्वार्थी काय, करंटे काय. पण मला विचाराल तर ऱ्होड आयलंडचं म्हणणं वाचल्यावर ते अगदीच येड्यासारखं वाटत नाही. एक तर या लोकांचा कस्टमवाल्यांवर जुना राग, १७७२ मध्ये इंग्रजांचं गॅस्पी नावाचं चोरटी आयात पकडणारं जहाज तिथल्या किनाऱ्याजवळ रुतलं तेव्हा याच लोकांनी रात्री होड्या घेऊन जाऊन ते जाळून टाकलेलं. दुसरं म्हणजे राज्याकडे जमीन फारशी नाही, न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्स ही बंदरं हीच त्यांची शेती. व्हर्जिनियासारखी राज्यं पश्चिमेकडच्या अफाट जमिनींवर हक्क सांगून बसलेली, मग त्या जमिनी विकून देशाचं कर्ज फेडा की, आमच्या धक्क्यावरच पहिला हात का, असा त्यांचा सवाल होता. हा मुद्दा लावून धरणारा डेव्हिड हॉवेल हा मूळचा गणिताचा प्रोफेसर, तिथल्या कॉलेजात शिकवायचा (तेच कॉलेज पुढे ब्राउन युनिव्हर्सिटी झालं), आणि तो काँग्रेसमध्ये राज्याचा प्रतिनिधी म्हणून गेला तो याच विषयावर डोकं तापवायला.

राज्याने काँग्रेसला जे उत्तर पाठवलं त्यात मुख्य कारणं तीन होती. एक, हा कर व्यापारावर जगणाऱ्या राज्यांना सगळ्यात जास्त झोंबेल. दोन, आमच्या बंदरात असे अधिकारी येऊन बसतील जे आम्हाला जबाबदारच नसतील. तीन, किती पैसा जमेल, किती वर्षं जमेल याला काही धरबंध नाही आणि काँग्रेस त्याचा हिशोब राज्यांना देणार नाही. आता यातलं पहिलं कारण मला जरा पातळ वाटतं, कारण न्यूपोर्टला उतरलेला बराचसा माल शेजारच्या कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये विकला जायचा, म्हणजे कर शेवटी तिथल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून निघणार. पण दुसरं आणि तिसरं? दहा वर्षांपूर्वी लंडनला हेच तर सांगत होते सगळे, की जे सरकार आम्हाला जाब देत नाही त्याने आमच्या बंदरात कर गोळा करायचा नाही. आता लंडनच्या जागी फिलाडेल्फिया आलं एवढंच, असं एखाद्याला वाटलं तर त्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही.

मॉरिसने ऱ्होड आयलंडला वळवायला टॉमस पेनला कामाला लावलं, तोच पेन ज्याच्या पत्रकांनी स्वातंत्र्ययुद्धाला हवा दिली. तो तेव्हा मॉरिसच्या गुप्त पगारावर होता, वर्षाला ८०० डॉलर, सरकारच्या बाजूने लिहायचे. पेन स्वतः प्रॉव्हिडन्सला गेला, तिथल्या पेपरात सहा पत्रं छापली, आणि लोकांनी काही ऐकलं नाही. म्हणजे पेड प्रचार काय आजचा नाही.

मग काँग्रेसने तीन सदस्यांचं शिष्टमंडळ ऱ्होड आयलंडला पाठवायचं ठरवलं, ऑसगुड, मिफ्लिन आणि नॅश. डिसेंबरचे दिवस, फिलाडेल्फियाहून घोडे निघाले, आणि जेमतेम अर्धा दिवस प्रवास झाला असेल तर बोलता बोलता नॅशच्या तोंडून सहज निघून गेलं की अहो, व्हर्जिनियाहून मॅडिसनला (जेम्स मॅडिसन, काँग्रेसमधला त्या राज्याचा प्रतिनिधी) खाजगी पत्र आलंय, व्हर्जिनियानेपण आपला होकार मागे घेतलाय म्हणे. बाकीचे दोघं गारच पडले. एका हट्टी छोट्या राज्याला समजवायला निघालो आणि मागे सगळ्यात मोठं राज्यच फुटलं, मग पुढे जाऊन काय करणार, तिघं घोडे वळवून परत. हा किस्सा मॅडिसनने स्वतःच्या नोंदींमध्ये लिहून ठेवलाय आणि माझ्या मते त्या सगळ्या कारभाराची कळा कळायला एवढं पुरेसं आहे. मॅडिसन हा व्हर्जिनियाचाच, आपल्याच राज्याने असं केल्यावर त्याची काय अवस्था झाली असेल कल्पना करा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. राज्यांना आयात कराचं वावडं अजिबात नव्हतं. ती स्वतः तो लावत होती, किंवा लावायच्या तयारीत होती. भांडण कर असावा की नसावा याचं नव्हतंच, धक्क्यावर टेबल टाकून बसणारा माणूस कोणाचा आणि पेटीची चावी कोणाकडे याचं होतं. (१८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राचा टॅरिफ आमच्या राज्यात चालणार नाही म्हणून जो मोठा राडा केला ते प्रकरण वेगळं, तिथे कर जास्त आहे आणि तो उत्तरेच्या कारखानदारांच्या फायद्याचा आहे अशी तक्रार होती. बरेच लोक दोन्हीची खिचडी करतात.)

इकडे पैसा नाही म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. न्यूबर्गच्या छावणीत अफसरांमध्ये कुजबुज सुरू झाली की पगार आणि पेन्शनची सोय होत नसेल तर आपण शस्त्रं खाली ठेवायचीच कशाला, ते प्रकरण मार्च १७८३ मध्ये वॉशिंग्टनने स्वतः जाऊन कसंबसं थंड केलं. जूनमध्ये तर पगार थकलेल्या काहीशे सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीलाच वेढा घातला आणि काँग्रेसला गाव सोडून प्रिन्स्टनला पळावं लागलं. देशाचं सरकार आपल्याच सैनिकांना घाबरून दुसऱ्या गावात, विचार करा.

याच वेढ्याच्या दोन महिने आधी, १८ एप्रिल १७८३ ला, काँग्रेसने नवा प्रस्ताव केला होता आणि तो बराच नमतं घेऊन केलेला होता. देशाचं कर्ज तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर, त्याचं वर्षाचं व्याजच २४ लाखांच्या वर. जकातीतून साधारण सव्वानऊ लाख मिळतील असा अंदाज धरला, उरलेले १५ लाख राज्यांनी आपापल्या मार्गाने उभे करायचे. मुदत घातली, फक्त २५ वर्षं. वसुली अधिकारी राज्यं नेमतील, काढायचा अधिकार तेवढा काँग्रेसकडे. बहुतेक मालावर तेच ५ टक्के, पण दारू, चहा, साखर, कॉफी यांच्यावर माप किंवा वजनाप्रमाणे ठरलेला कर. ते दर बघायला मजा येते कारण सगळे डॉलरच्या नव्वदाव्या भागात आहेत, जमैकाच्या कडक रमवर गॅलनला ४ नव्वदांश डॉलर, मदिरा वाइनवर १२ नव्वदांश. नव्वदच का, तर पेनसिल्व्हेनियाच्या चलनात एक डॉलर म्हणजे ९० पेन्स धरायचे आणि काँग्रेस बसायची फिलाडेल्फियात. देशाचं स्वतःचं धड नाणंसुद्धा नाही आणि देशाचा कर ठरवतायत, अशी एकूण परिस्थिती.

या वेळी ऱ्होड आयलंडसकट बाकीची राज्यं दोन-तीन वर्षं रडतखडत, अटी घालत घालत का होईना तयार झाली. अडलं ते न्यूयॉर्कपाशी. आणि न्यूयॉर्कबद्दल मात्र मला ऱ्होड आयलंडइतकी सहानुभूती नाही. इंग्रजांनी ते शहर नोव्हेंबर १७८३ मध्ये सोडलं आणि मग बंदराचा धंदा जोरात सुरू झाला. कनेक्टिकट आणि न्यू जर्सीच्या लोकांना परदेशी माल हवा तर तो बराचसा न्यूयॉर्कमार्गेच यायचा, म्हणजे जकात भरायचे शेजारी आणि तिजोरी भरायची न्यूयॉर्कची. गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन यांचा पाठिंबा मुख्यतः वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचा, बंदरातून एवढा पैसा येतोय म्हटल्यावर शेतसारा कमी ठेवता येत होता, शेतकरी खूश, क्लिंटनसाहेब पुन्हा निवडून. असली दुभती म्हैस कोण दुसऱ्याच्या गोठ्यात बांधेल? वर हुशारी अशी की आपल्या राज्यातल्या लोकांकडे असलेले केंद्राचे कर्जरोखे राज्याने स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे ज्या सावकारांनी केंद्राला कर मिळावा म्हणून आरडाओरडा केला असता त्यांचंही तोंड गप्प.

न्यू जर्सीची दशा मॅडिसनने दोन्ही टोकांना तोट्या लावलेल्या पिंपासारखी सांगितलीय, एका बाजूने फिलाडेल्फिया काढून घेतंय, दुसऱ्या बाजूने न्यूयॉर्क. फेब्रुवारी १७८६ मध्ये न्यू जर्सीने शेवटी वैतागून ठराव केला की न्यूयॉर्क ही जकात मान्य करेपर्यंत आम्ही केंद्राला एक दमडी देणार नाही. काँग्रेसने घाबरून तीन सदस्य समजूत काढायला धाडले, राज्याने ठराव मागे घेतला, पण पैसे काही सुटले नाहीत.

मे १७८६ मध्ये न्यूयॉर्कने एक कायदा केला, दिसायला होकार आणि आतून नकार. ५ टक्के जकात मान्य, पण अधिकारी राज्याच्या ताब्यात राहणार, आणि व्यापाऱ्यांना कर राज्याच्या नव्या कागदी नोटांमध्येसुद्धा भरता येणार. आता फ्रान्स आणि हॉलंडचे सावकार न्यूयॉर्कच्या नोटा घेऊन काय करणार होते? काँग्रेसने हा होकार धरायला नकार दिला आणि क्लिंटनना विनंती केली की खास अधिवेशन बोलवा. क्लिंटन म्हणाले, आमच्या राज्यघटनेत खास अधिवेशन फक्त असाधारण प्रसंगीच बोलवता येतं आणि हा काही तसा प्रसंग दिसत नाही. काँग्रेसने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. देशाचं दिवाळं निघतंय हा साधारण प्रसंग!

तरीही विरोधकांची तात्त्विक बाजू होतीच, आणि ती सगळ्यात ठणकावून मांडणारा माणूस होता एब्रहम येट्स, ऑल्बनीचा, सुरुवातीला चांभारकाम केलेला, पुढे वकील झालेला, अलेक्झांडर हॅमिल्टनसारख्या (न्यूयॉर्कचाच वकील, केंद्र मजबूत हवं म्हणणारा) लोकांचा मनापासून तिटकारा असलेला. त्याचं म्हणणं, तलवार आधीच काँग्रेसच्या हातात आहे, आता थैलीपण दिली तर राज्यं नावापुरती उरतील. म्हणजे ५ टक्क्यांची भीती नव्हती त्याला, ५ चे उद्या १० होतील आणि आयातीचा कर जाऊन जमिनीचा येईल ही भीती होती.

१५ फेब्रुवारी १७८७ ला न्यूयॉर्कच्या असेंब्लीत शेवटचा सामना झाला. हॅमिल्टनने जकातीच्या बाजूने लांबलचक, मुद्देसूद भाषण ठोकलं, समोरच्यांनी ते ऐकून घेतलं आणि बहुमताने प्रस्ताव पाडला. झालं, तेरावं राज्य नाही म्हणजे नाही. त्याच हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनियल शेज आणि त्याच्यासारखे कर्जाने आणि जमिनीवरच्या करांनी पिचलेले शेतकरी बंदुका घेऊन उठले होते, हासुद्धा या गोष्टीचाच एक धागा, कारण बंदरातून सगळ्यांसाठी पैसा निघत नसेल तर राज्यं शेवटी शेतकऱ्याच्याच मानेवर बसणार. न्यूयॉर्कच्या नकारानंतर सहाव्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, काँग्रेसने फिलाडेल्फियात करार सुधारण्यासाठी परिषद भरवायला संमती दिली.

त्या परिषदेने सुधारणा कसली, नवीनच घटना लिहिली, आणि त्यात दोन कुलपं अशी बसवली की पुन्हा हा खेळ होऊ नये. आयात कर लावायचा अधिकार काँग्रेसला, दर देशभर सारखा, आणि राज्यांना काँग्रेसच्या परवानगीशिवाय तो लावायची बंदी, परवानगी मिळालीच तरी खर्च वजा जाता उरलेला पैसा केंद्राच्याच तिजोरीत. आणि सगळ्यात चलाख गोष्ट म्हणजे ही घटना लागू व्हायला तेरा नाही, नऊ राज्यांचा होकार पुरे. दक्षिणेच्या राज्यांना तंबाखू आणि तांदळाची काळजी होती म्हणून निर्यातीवर कर लावायला मात्र केंद्रालाही कायमची मनाई, ती आजही आहे.

४ जुलै १७८९ ला वॉशिंग्टनने पहिल्या टॅरिफ कायद्यावर सही केली. आता जमैकाच्या कडक रमवर गॅलनला १० सेंट. १७८३ मध्ये मागितलेले ४ नव्वदांश डॉलर म्हणजे साडेचार सेंटसुद्धा होत नाहीत, म्हणजे दुपटीहून जास्त. मदिरा सव्वातेरा सेंटवरून १८ वर. २५ वर्षांची मुदत वगैरे तर गेलीच. येट्स अजून हयात होता, त्याने हे आकडे बघून काय म्हटलं असेल सांगायला नको. पुढची कित्येक वर्षं केंद्राचं बहुतेक सगळं उत्पन्न याच एका करातून येत राहिलं.

ऱ्होड आयलंडने फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नव्हता, वर १७८८ मध्ये थेट लोकांचं मतदान घेतलं तर २७०० हून जास्त मतं घटनेच्या विरोधात आणि बाजूने अडीचशेसुद्धा नाहीत. मग नव्या सरकारने तेच हत्यार काढलं ज्यावरून भांडण सुरू झालेलं. तुम्ही संघात नाही म्हणजे तुम्ही परदेश, तुमच्याकडून येणाऱ्या बाहेरच्या मालावर परदेशासारखी जकात. थोडे महिने सवलत दिली, मग मे १७९० मध्ये सिनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापारच बंद करायचं बिल पास केलं. प्रॉव्हिडन्सचे व्यापारी घाबरले, त्यांनी उलट आपल्याच राज्याला दम भरला की घटना मान्य करा नाहीतर आम्ही राज्यातून फुटतो. २९ मे १७९० ला न्यूपोर्टमध्ये मतदान झालं, ३४ विरुद्ध ३२. दोन मतांनी ऱ्होड आयलंड आत आलं.

आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर काय झालं? तिथे १७८४ पासून राज्याच्या वतीने कलेक्टर (म्हणजे जकात वसूल करणारा अधिकारी) होता जॉन लँब, तोफखान्यातला जुना अफसर, क्यूबेकच्या लढाईत एक डोळा गमावलेला, आणि नव्या घटनेचा कट्टर विरोधक, १७८८ मध्ये घटना पाडायला राज्याराज्यांतल्या विरोधकांना पत्रं लिहिणाऱ्या कमिटीचा प्रमुख. वॉशिंग्टनने १७८९ मध्ये केंद्राचा कलेक्टर नेमताना कोणाला नेमलं, तर याच लँबला. तोही काही न बोलता त्याच बंदरात आता केंद्रासाठी वसुली करत बसला, १७९७ पर्यंत, मग हिशोबात मोठी तूट निघाली, घोळ हाताखालच्या माणसाचा होता पण भरपाई लँबच्या गळ्यात पडली आणि नोकरी गेली.